पांढऱ्या घोडीचा पहिला मालक

"पट्टा बांधा, एजे. दार मिटतंय, हात आत घ्या. आणि काही अडलं तर पिवळं बटण दाबा, मी आहे."

गाडीतल्या बाईचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बाई कुठे दिसायची नाही, नुसता आवाज. पण तिने पहिल्याच दिवशी मला थोरल्या बहिणीसारखं 'एजे' म्हटलं आणि मला ती आवडून गेली.

आमच्या साझ-बुलाक गावापासून जिल्ह्याचं गाव बत्तीस किलोमीटर. वसंतात शहरातल्या एका कंपनीने त्या रस्त्यावर आठ जणांची पांढरी गाडी सोडली. तिला चालक नाही, स्टिअरिंगही नाही. पुढे एक काच, काचेवर रस्त्याचं चित्र, आणि खाली पिवळं बटण. आम्ही तिचं नाव ठेवलं पांढरी घोडी. दारू प्यालेल्या नवऱ्याला घोडा आपला आपण घरी आणून सोडतो, हे आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बघत आल्या आहेत. आपणच चालणाऱ्या गाडीचं आम्हाला कौतुक वाटलं, पण नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते सहाव्या किलोमीटरला.

तिथे रस्त्याच्या कडेला पीराची मजार आहे. दगडांचा ढीग, त्यावर एक म्हातारं कारागाचाचं झाड, झाडाला चिंध्याच चिंध्या. आमच्याकडे मजारीवरून जाताना बोलणं थांबतं. दोन्ही तळहात वर होतात, दुवा म्हटली जाते, हात तोंडावरून फिरतात. चालकसुद्धा स्टिअरिंग सोडतो. तेवढ्या वेळात गाडी कुणाच्या भरवशावर असते, हे विचारायचं नाही.

पांढरी घोडी पहिल्या दिवशी मजारीपाशी आली आणि थांबली.

कुणी हात दाखवला नव्हता. रस्त्यावर मेंढी नव्हती, माणूस नव्हता. गाडी हळू झाली, कडेला सरली, थांबली. एक दुवा म्हणून व्हावी इतका वेळ उभी राहिली आणि पुन्हा निघाली.

आत आम्ही आठ जणी होतो. चार जणी रडायला लागल्या. त्या चौघींत मी होते.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी बघायला माणसं चालत गेली, तिसऱ्या दिवशी घोड्यांवरून आली, आठवड्याने पलीकडच्या खोऱ्यातून ट्रक भरून आली. गाडी दिवसाला चार फेऱ्या करायची, चारही वेळा जाताना-येताना थांबायची. माणसं ओरडायची, "लोखंडसुद्धा ओळखतं!" बायका गाडीच्या काचांना हात लावून ते हात पोरांच्या डोक्यावरून फिरवायच्या. एका आजोबांनी पुढच्या चाकाला लोणी फासलं. गाडी घसरली नाही, ही पीराचीच कृपा.

मी पाच वेळची नमाज चुकवत नाही. सोमवार-गुरुवारचे रोजे मी आईच्या माघारी धरले, ते आजतागायत सुटलेले नाहीत. हे एवढ्यासाठी सांगते, की लोक असल्या गोष्टींत माझं ऐकतात. मी नमदे, म्हणजे लोकरीचे जाड गालिचे, बनवते, बोलते कमी, म्हणून माझ्या बोलण्याला वजन आहे असं त्यांना वाटतं. आणि त्या दिवसांत मीच दारोदार सांगत होते, "निर्जीव वस्तू थांबते, आपण जिवंत असून थांबत नाही." माझी धाकटी बहीण बुरुलचा, तिलाही मीच सांगितलं.

मग तिथे कामचीबेक आला.

कामचीबेक आमच्याच गावचा. दोन उन्हाळे शहरात होता, काय करत होता विचारलं तर म्हणायचा, "मोठ्या कंपनीत जबाबदारीचं काम." परत आला तो उंच कल्पाक टोपी आणि ढगळ मखमली अंगरखा घालून, आणि झाडाखाली सतरंजी टाकून बसला. गाडी आली की उठायचा, तिच्या नाकासमोर उभा राहायचा, दोन्ही तळहात बॉनेटवर टेकवायचा. आणि गाडी, जी एरवी दुवेपुरती थांबायची, ती थांबूनच राहायची. पाच मिनिटं. दहा मिनिटं. तो मागे सरला की निघायची.

"हे बघा बाबांनो," तो म्हणायचा, "मी कोण? मी धूळ! मी थांबवत नाही. पीर थांबवतो. आता तुम्ही म्हणाल, लोखंडाला पीराचं कसं ऐकू येतं? अरे, गाडी चालते कशावर? उपग्रहावर. उपग्रह कुठे असतो? वर. पीर कुठे आहे? वर! दोघांचं शेजारपण आहे. आणखी काय सांगू?"

लोक माना डोलवायचे. मीही डोलवली.

"ज्याच्यासाठी गाडी थांबून राहते, त्याला पीराने ठेवून घेतलं," तो म्हणायचा. "त्याने दवाखान्याला जायचं नाही. पीर आणि डॉक्टर एका ताटात जेवत नाहीत. औषधं काढा, झाडाला बांधा. मी कोण? मी धूळ!"

थांबवून कुणाला ठेवायचं ते पीर ठरवायचा, आणि पीराची निवड बहुतेक वेळा चांगली मेंढी, नवा किटली-संच किंवा साखरेचं पोतं आणणाऱ्यांवर पडायची. चिंध्यांच्या शेजारी गोळ्यांची पाकिटं लटकायला लागली. वाऱ्यावर ती चुरचुर वाजायची.

गाडीतली बाई मात्र त्याला खपली नाही. ती मध्येच बोलायची, "समोर माणूस आहे, वाट पाहत आहे." कामचीबेक म्हणाला, परक्या बाईचा आवाज मजारीपाशी चालत नाही. आणि ती काच? तिच्यात पीराचं तोंड उमटतं, बघेल त्याची दृष्टी जाईल. म्हणून काचेला आणि आवाजाच्या जाळीला नमद्याचं जाड झाकण हवं.

ते झाकण मी शिवलं. लाल नमद्यावर पांढरी मेंढ्याची शिंगं काढली, कडेला दुहेरी टाका घातला. पिवळं बटणही त्याच्याखाली गेलं. मी ते स्वतः बांधलं, आणि बांधताना बिस्मिल्ला म्हटलं.

बुरुलचा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. नववीत असल्यापासून तिला साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागते, नाहीतर तिचं शरीर अन्न पेलत नाही. तेवीस वर्षं ती टोचून घेतेय. कंटाळली होती. मंगळवारी ती गाडीने दवाखान्यात इन्सुलिन आणि सुया आणायला निघाली आणि गाडी तिच्यासाठी बारा मिनिटं थांबून राहिली. तिच्या मांडीवर माझ्याच हातचा नवा नमदा होता, जिल्ह्याच्या बाजारात विकायला नेलेला. तो सतरंजीवर गेला. पिशवीत उरलेल्या सुया झाडावर गेल्या.

घरी आली ती हसत. "एजे, मला ठेवून घेतलं!"

मी तिला जवळ घेतलं. खुदा मला माफ करो, मी आनंदाने रडले.

गुरुवारी सकाळपासून ती ओकत होती. पाणी पीत होती आणि ओकत होती. दुपारपर्यंत तिचा श्वास खोल आणि जोरजोरात चालायला लागला, डोंगर चढून आल्यासारखा, आणि ती तर अंथरुणात होती. मी तिच्या तोंडाशी वाकले तर श्वासाला पिकून सडायला लागलेल्या सफरचंदांचा वास. हा वास मला माहीत होता. नववीत असताना ती बेशुद्ध पडली तेव्हा डॉक्टरीणबाईने मला मुद्दाम हुंगायला लावला होता: "हा वास आला की चहा ठेवायलाही थांबू नकोस."

घरात इन्सुलिन नाही. रुग्णवाहिकेला फोन केला, ती वरच्या कुरणावर बाळंतिणीकडे गेलेली, दीड तास लागेल म्हणाले. बुरुलचाचा नवरा घोड्यांबरोबर त्याच कुरणावर. शेजाऱ्याची गाडी उघडलेली, इंजिन अंगणात. मी दारात जात होते, आत येत होते, पुन्हा दारात. दुपारची नमाज उभ्याउभ्याच झाली. काय म्हटलं ते खुदालाच ठाऊक. तेवढ्यात कोपऱ्यावर पांढरी घोडी दिसली.

बुरुलचाला गाडीत ओढून घेण्यात मदत केली ती आत बसलेल्या तोलोन मास्तरांनी. मास्तर चाळीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. तोंडात एकही दात उरला नव्हता आणि बोलणं सगळं हवेत जायचं; त्या दिवशी ते नवी कवळी आणायलाच निघाले होते. ते एकटेच गावात पहिल्यापासून म्हणत होते की हे थोतांड आहे. पण दात नसल्यामुळे 'थोतांड' हा शब्द त्यांना नीट म्हणता यायचा नाही आणि पोरं हसायची.

गाडी निघाली. बुरुलचाचं डोकं माझ्या मांडीवर. एक किलोमीटर. दोन. झाकणामागून बाईचं काहीतरी पुटपुटणं ऐकू येत होतं, नमदा जाड होता.

"मास्तर, मजारीपाशी थांबेल ही," मी म्हटलं.

"थांबेल. दुवेपुरती."

"आणि तो उभा राहिला तर?"

मी पाय आपटत बसले. चार. पाच. असं वाटत होतं की उतरून मागून ढकलावी.

सहाव्या किलोमीटरला गर्दी होती, गुरुवार म्हणून नेहमीपेक्षा जास्तच. गाडी हळू झाली, कडेला सरली, थांबली. आणि अंगरखा सावरत कामचीबेक नाकासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही तळहात बॉनेटवर.

"दार उघडा! कोण आहे आत?" त्याने वाकून बघितलं. "बुरुलचा! बघा बाबांनो, पीराची माणसं पीराकडे परत येतात!"

मी खिडकीची काच खाली केली. "कामचीबेक, बाजूला हो. तिला दवाखान्यात न्यायचंय."

"असिलकान एजे, तुम्ही? तुम्ही नमाजी बाई!" तो लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला. "विष बाहेर पडतंय तिचं. तिसऱ्या दिवशी पडतंच. आज दवाखान्यात नेलंत तर अर्ध्यात अडकेल. मी अडवतोय का? मी कोण? मी धूळ! गाडीच हलत नाही. पीर सोडत नाही!"

"सोडत नाही!" गर्दीतून आवाज आले. माणसं आणखी जवळ सरली. दोघीतिघी दाराशी आल्या, बुरुलचाला उतरवून घ्यायला हात पुढे केले, प्रेमाने, अगदी प्रेमाने. मी दार आतून धरून ठेवलं.

"हवेत बोलतो हा," मास्तर म्हणाले. "गाडी त्याच्यामुळे उभी आहे. समोर माणूस असला की ती जात नाही, बस. त्याच्या जागी दगड उभा केला तरी जायची नाही." पण ते 'शमोर मानुश' असं काहीतरी झालं आणि बाहेर कुणीतरी हसलं.

बुरुलचाने डोळे उघडले. "एजे," ती म्हणाली, "पीर रागावला का?"

तो प्रश्न तिच्या डोक्यात मीच घातला होता. आणि मला गाडीतल्या बाईचा तो आवाज आठवला: काही अडलं तर पिवळं बटण दाबा.

झाकणाचे बंद मीच बांधले होते, त्या माझ्या गाठी होत्या. सुटेनात. मी दातांनी तोडले. लाल नमदा खाली पडला.

"एजे, बघू नका! दृष्टी जाईल!" कामचीबेक ओरडला.

मी बघितलं. काचेवर रस्ता होता, मजारीचा ढीग होता, आणि गाडीच्या नाकासमोर एक लाल रेघांनी काढलेला माणूस, हात पुढे केलेला, टोपीसकट. त्याच्याखाली साध्या अक्षरांत लिहिलं होतं: समोर माणूस आहे. वाट पाहत आहे.

"हा बघा तुमचा पीर," मास्तर म्हणाले. ह्या वेळी कुणी हसलं नाही. दाराशी आलेल्या बायका काचेत डोकावत होत्या आणि त्यांना अंगरख्यासकट कामचीबेक दिसत होता.

मी पिवळं बटण दाबलं. घंटी वाजली, दोनदा, तीनदा. मग एका मुलीचा आवाज आला, आधीच्या बाईचा नाही, तरुण, तोंडात काहीतरी असलेला.

"हां, थांबा हं, घास गिळते... बोला! मी नाझिक."

"मुली, मी साझ-बुलाकच्या गाडीतून बोलतेय. आत माझी बहीण आहे, साखरेची आजारी, श्वास वाईट चाललाय. गाडी पुढे जात नाही."

"दिसतंय एजे, समोर माणसं आहेत. ती सरली की लगेच जाईल. मी दवाखान्याला कळवते, दारात खाट तयार ठेवतील. माणसांना बाजूला व्हायला सांगा."

"बाजूला होत नाहीत. त्यांना वाटतं, पीर गाडी थांबवतो."

"कोण?"

"पीर. इथे मजार आहे. गाडी रोज थांबते. समोर कुणी नसलं तरी थांबते. का?"

"तिथे आमच्याकडे थांबा नाहीये..." कळा दाबल्याचा आवाज आला. "एक मिनिट. हां. शिकवणीतून आलंय हे."

"म्हणजे?"

"एजे, गाडी आपोआप शहाणी होत नाही ना. आधी माणूस चालक रात्री, रस्ता रिकामा असताना, तिच्यासारखीच गाडी त्या रस्त्याने नेतो, शेकडो वेळा. तो कुठे वळतो, कुठे हळू करतो, कुठे थांबतो, ते सगळं ही शिकते. तुमच्या रस्त्यावर चालक ह्या जागी प्रत्येक फेरीला थांबलाय. दोनशे अकरा फेऱ्या, दोनशे अकरा वेळा. म्हणून हीपण थांबते."

बाहेर आवाज बारीक झाले. मला वडिलांचा तांबडा घोडा आठवला. बाजारातून विकत आणलेला. रोज संध्याकाळी चालता चालता तो पलीकडच्या गल्लीतल्या एका विधवेच्या फाटकाशी थांबायचा आणि कितीही टाचा मारल्या तरी हलायचा नाही. त्याच्या जुन्या मालकाचं गुपित आठवड्यात सगळ्या बाजाराला कळलं. आमच्याकडे कुणीही नवा घोडा घेतला की आधी बघतो, तो कुठे थांबतो. त्यावरून पहिला मालक कळतो.

मी मोठ्याने विचारलं. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, आवाज चिरकला. "मुली, मग ह्या घोडीचा पहिला मालक कोण?"

"घोडी?"

"गाडीला शिकवलं कुणी?"

बाहेर ते शब्द सगळ्यांनी ऐकले. घोडा कळत नाही असं माणूस तिथे एकही नव्हतं. कुणीतरी "अरेच्चा" म्हणालं.

"नाव सांगायची परवानगी नाही, एजे. सात नंबरचे चालक. आम्ही त्यांना 'बायके', थोरले दादा म्हणायचो. आमच्या हापिसात सगळे ओळखतात त्यांना." मुलगी हसली. "त्याचं असं झालं, आमचा नियम आहे, गाडी चालू असताना दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि त्यांना तर त्या जागी दुवा म्हणायची, हात सोडायचे. मग काय, प्रत्येक वेळी गाडीच थांबवायचे. साहेबांनी दोनदा लेखी समज दिली. ऐकलं नाही. पण माणूस मजेदार हं! दुवा झाली की मोठ्याने म्हणायचे, 'मी कोण? मी धूळ!' आणि निघायचे. आम्ही इथे अजून म्हणतो ते."

वाऱ्यावर गोळ्यांची पाकिटं चुरचुरली.

मग मागून एक म्हातारी बाई खो-खो हसायला लागली. बातमा-आपा, वरच्या आळीतल्या. "धूळ!" त्या म्हणाल्या. "अगं बाई, धूळ!" आणि हसू पसरत गेलं.

कामचीबेकचे हात अजून बॉनेटवर होते. तो गोरामोरा झाला, पण तोंड बंद करणाऱ्यांतला तो नव्हता. "मग काय झालं?" तो म्हणाला. "हो, मीच! पीराने माझ्याच हातून शिकवलं! कुणाच्या हातून शिकवायचं हे पीर ठरवतो!"

"ठीक," मास्तर गाडीतून उतरत म्हणाले, सावकाश, एकेक अक्षर हिरड्यांवर घासत. "पीर थांबवतो ना? मग तू झाडाखाली जाऊन बस आणि दुवेने थांबवून दाखव. लांबून. पीराला तुझे पाय कशाला लागतात?"

"लांबून नाही चालत. स्पर्श लागतो."

"काल माझी शेळी हिच्यापुढे आडवी बसली होती," बातमा-आपा म्हणाल्या. "अर्धा तास हलली नाही ही गाडी. स्पर्शबिर्श काही केला नाही हो तिने, नुसती रवंथ करत होती. तिला नाही कुणी साखरेचं पोतं दिलं!"

ह्यावर जो हशा झाला त्यात गर्दी मोडली. पुढची माणसं आपोआप दोन पावलं मागे गेली, मग आणखी दोन. काचेवरचे लाल माणूस एकेक करून पुसले गेले. शेवटी एकच उरला, टोपीवाला. बातमा-आपांनी पुढे होऊन त्याची बाही धरली. "हो बाजूला, सात नंबर. बाईचा जीव चाललाय."

तो सरला. गाडी निघाली. कुणी मंत्र म्हटला नाही, कुणी बॉनेटला हात लावला नाही.

निघता निघता बातमा-आपा खिडकीबरोबर चार पावलं धावल्या. आता त्या हसत नव्हत्या. "असिलकान, माझे म्हातारबा! त्यांच्या छातीच्या गोळ्या नऊ दिवस झाडावर आहेत. माझं ऐकत नाहीत, म्हणतात तुला काय कळतं. तुझं ऐकतील. येशील?"

"उद्या सकाळी येईन," मी म्हटलं. "शब्द."

मागे वळून बघितलं तेव्हा मास्तर खालीच राहिले होते. कवळी राहिली त्यांची. ते झाडाखाली गेले होते आणि टाचा उंच करून पाकिटं सोडवत होते, चष्मा कपाळावर चढवून एकेकावरचं नाव वाचत, हाका मारत.

दवाखान्याच्या दारात खाट तयार होती. डॉक्टरीणबाईंनी वाकून बुरुलचाचा श्वास हुंगला आणि खाट आत ढकलली. रात्रभर बुरुलचाच्या हाताला बाटली लावलेली होती. पहाटे तिचा श्वास साधा झाला. तिने पाणी मागितलं आणि ते पोटात राहिलं. मग ती म्हणाली, "एजे, सुई दे. मी टोचून घेते." मी खाटेच्या कडेला कपाळ टेकवलं.

आता ज्यांच्यासाठी हे लिहिते आहे त्यांना दोन शब्द सांगते. मी माझे नेम सोडलेले नाहीत. मजारीवरून जाताना माझे हात आजही वर होतील. कामचीबेकबद्दलही मला एक सांगितलं पाहिजे: त्या दोनशे अकरा वेळा, गाडीत एकटा असताना, नोकरी जायची भीती असताना, तो खरी दुवा म्हणत होता. ती दुवा खरी होती. खोटं सुरू झालं ते त्याने ती लोकांना विकायला काढली तेव्हा, आणि माझ्यासारख्यांनी न विचारता ती घरोघर पोचवली तेव्हा.

अशा गाड्या आता वाढणार आहेत. आज एका रस्त्यावर आहे, उद्या प्रत्येक खिंडीत असेल. आपली पोरं तिच्यात बसून शाळेत जातील. ती आपल्याकडून शिकणार, आपलं चांगलं शिकणार, आपलं वेडंवाकडंही शिकणार, आणि मग तेच आपल्यापुढे आणून उभं करणार. तेव्हा गुडघे टेकू नका. काचेवरचं झाकण काढा, वाचा, बटण दाबा, विचारा: हिला हे कुणी शिकवलं? घोडा घेताना विचारता तसंच. ह्याने श्रद्धा उणी होत नाही. माझ्या खुदाला ब्रेक दाबून आपली ओळख पटवायची गरज नाही. आणि आजाऱ्याचं औषध जो कुणी झाडाला बांधायला सांगेल, तो पीराचा माणूस नाही, एवढं ओळखायला नमाजी असावं लागत नाही, शिकलेलंही असावं लागत नाही.

सकाळची नमाज मी दवाखान्याच्या व्हरांड्यात पढले. बुरुलचा झोपली होती; तिच्या उशाशी पाण्याचा पेला भरून ठेवला आणि परिचारिकेला सांगितलं की दुपारपर्यंत येते. पहिल्या गाडीने साझ-बुलाकला उतरले. घरी गेले नाही. डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि वरच्या आळीची चढण चढायला लागले.